माजी विद्यार्थ्यांची यशोगाथा आणि गैरहजरांची हजेरी

अलीकडे माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांचे पेव फुटले आहे. मोबाईलवर गट तयार होतो, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे मित्र सापडतात, तारीख ठरते, वर्गणी जमते आणि एखाद्या सभागृहात निळ्या पडद्यावर 'स्नेहमिलन' अशी अक्षरे झळकतात. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार, त्रिसरण-पंचशील आणि मग एकेकाचा परिचय. कोण उपअभियंता झाला, कोण तहसीलदार, कोण प्राध्यापक, कोणाचा मुलगा अमेरिकेत, कोणाची मुलगी डॉक्टर. टाळ्या पडतात. जेवण होते. फोटो निघतात. यात वाईट काही नाही. ज्यांच्या बापजाद्यांना शाळेच्या पायरीवर उभे राहू दिले गेले नाही, त्यांच्या नातवंडांनी आपल्या पदव्या मोठ्या आवाजात सांगितल्या तर तो त्यांचा हक्कच आहे.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्याला आम्ही हजर होतो. आम्ही ज्या वसतिगृहात राहून शिकलो, तेथील मुलांचा तो मेळावा. वसतिगृहाचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण अशी वसतिगृहे जिल्ह्याजिल्ह्यांत होती आणि गोष्ट सगळीकडे सारखीच आहे. आयोजकांनी छान स्मरणिका काढली होती. प्रत्येकाचा फोटो, पद, पत्ता, मुलांचे शिक्षण. आमचेही एक पान होते. बी.कॉम., एलएल.बी., इतक्या वर्षांची वकिली, सामाजिक कार्याची आवड, वगैरे.

दुपारी जेवणाच्या वेळी दाराजवळ एक मित्र दिसला. वसतिगृहात आमच्या शेजारच्या खाटेवर असायचा. अकाउंट्स या विषयात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही सातआठ जण त्याच्याभोवती बसायचो आणि तो ताळेबंद जुळवून दाखवायचा. दुसऱ्या वर्षी त्याची शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, तिकडे घरी वडील आजारी पडले, आणि दिवाळीला गावी गेलेला तो परत आलाच नाही. आज तो इमारतींमध्ये वायरिंगची कामे करतो. स्मरणिका चाळून तो हसत म्हणाला, "वकीलसाहेब, तुमच्या या पुस्तकात माझं नाव काही सापडत नाही. बरोबरच आहे म्हणा. मी पास कुठं झालो?"

आम्ही त्यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. ज्याने आम्हाला पास केले त्याचेच नाव पास झालेल्यांच्या यादीत नव्हते, आणि आमच्या स्वतःच्या पानावरही त्याच्याविषयी एक ओळ नव्हती. तेव्हापासून हा विषय आमच्या मनात घोळतो आहे. तो केवळ भावनेचा असता तर या सदरात मांडला नसता. तो आज राजकारणाचा आणि कायद्याचा विषय झाला आहे, म्हणून मांडीत आहोत.

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग या खटल्यात सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली आणि २००४ चा चिन्नय्या निकाल रद्द ठरविला. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. परंतु त्याच निकालपत्रात सातपैकी चार न्यायमूर्तींनी, समोर थेट तो प्रश्न नसतानाही, अनुसूचित जाती-जमातींना क्रीमी लेयर लावावा असे मत नोंदविले. त्या चौघांपैकी न्या. भूषण गवई यांनी उदाहरण दिले ते शिक्षणाचेच. सेंट पॉल्स आणि सेंट स्टीफन्ससारख्या संस्थांत शिकणारे मूल आणि खेड्यातील छोट्या शाळेत शिकणारे मूल यांना एकाच मापाने मोजता येईल काय, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे ९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सांगितले की, बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानात अनुसूचित जाती-जमातींसाठी क्रीमी लेयरची तरतूद नाही. २१ ऑगस्टला भारत बंद झाला. जानेवारी २०२५ मध्ये न्या. गवई यांच्याच खंडपीठाने याविषयीची एक याचिका ऐकण्यास नकार दिला आणि निर्णय कायदेमंडळ व कार्यपालिकेने घ्यावा असे म्हटले. म्हणजे तलवार म्यानात गेली आहे, मोडलेली नाही.

वाचकहो, या युक्तिवादात पुरावा म्हणून काय मांडले जाते, ते नीट पाहा. मांडली जाते ती आपल्याच यशस्वी माणसाची कहाणी. "पाहा, हा अधिकारी झाला, याची मुले इंग्रजी शाळेत गेली, मग याला आता सवलत कशाला?" आपण स्नेहमेळाव्यात ज्या ओळी अभिमानाने वाचतो, त्याच ओळी दुसरीकडे आपल्याविरुद्धचे निशाणी क्रमांक एक म्हणून दाखल होतात. कोर्टात वकिली करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. अर्धवट कागद दाखल केला की तो विरुद्ध पक्षाच्याच कामी येतो. कागद दाखल करायचा तर पूर्ण करावा.

पूर्ण कागद कसा असतो, हे पाहायला लांब जायला नको. जगातील एका नामवंत विद्यापीठाचा माजी विद्यार्थी म्हणून बाबासाहेबांकडे पाहू.

१९१३ साली बडोदा संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी घेऊन, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून, तरुण भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम घेतले. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र. १९१५ ला एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींविषयीचा तो प्रसिद्ध निबंध वाचला. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची १९२१ ची एम.एस्सी. आणि १९२३ ची डी.एस्सी., आणि ग्रेज इनची बॅरिस्टरी. स्मरणिकेच्या पानावर एवढे छापले तर पान भरून जाईल आणि टाळ्याही पडतील.

पण हा कागद अर्धवट आहे. पूर्ण कागदावर लिहिलेले असते की, १९१७ साली कोलंबियाचा हा विद्वान बडोद्याला नोकरीवर रुजू झाला तेव्हा त्याला राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. कचेरीतील शिपाई फायली लांबून फेकत. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावर सहकाऱ्यांनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. पूर्ण कागदावर हेही लिहिलेले असते की, १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला जाताना राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या कोलंबियातील पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. पदवी एकाच्या नावावर असली तरी तिच्यामागे रमाईच्या गोवऱ्यांपासून भथेनांच्या रुपयांपर्यंत किती हात असतात, हे त्या कागदावरून कळते.

विद्यापीठे आपल्या माजी विद्यार्थ्यांची खबरबात छापतात, ही पद्धत अमेरिकेत जुनी आहे. कोलंबियाच्या 'अलम्नाय न्यूज' या पत्रिकेत डिसेंबर १९३० मध्ये बाबासाहेबांचे मनोगत छापून आले. त्या वेळी ते लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या हक्कांसाठी ब्रिटिश पंतप्रधानांसमोर झुंजत होते. पदे आणि मानमरातब सांगायला याहून चांगली वेळ कोणती? पण त्यांनी सांगितले काय? आयुष्यातील उत्तम मित्र आपल्याला कोलंबियातील काही वर्गमित्रांत आणि जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिग्मन व जेम्स हार्वे रॉबिन्सन या थोर प्राध्यापकांत लाभले. एवढेच. आपल्याविषयी छापायची वेळ आली तेव्हा त्यांनी दुसऱ्यांची नावे दिली.

५ जून १९५२ ला कोलंबियाने त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली आणि थोर समाजसुधारक व मानवी हक्कांचा झुंजार कैवारी म्हणून त्यांचा गौरव केला. त्यासाठी ते प्रवासात असतानाच प्रा. ड्यूई वारले. आपल्या बौद्धिक जीवनाचे सारे ऋण ड्यूईंचे आहे, असे त्यांनी तेव्हा माईसाहेबांना कळविले. संविधानाचा शिल्पकार वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आपल्या मास्तरांची आठवण काढून हळहळतो. हा आमचा आदर्श माजी विद्यार्थी.

येथे एक खुलासा केला पाहिजे. कोलंबियाने २००४ मध्ये आपल्या अडीचशे वर्षांच्या निमित्ताने काळाच्या पुढे असलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी केली, तीत बाबासाहेबांचे नाव घेतले. आपल्याकडे फलकांवर आणि मोबाईलवर "जगातील शंभर विद्वानांत पहिला क्रमांक" असे फिरत राहते. ती यादी क्रमवारीची नव्हती. बाबासाहेबांना कोणाच्या कपोलकल्पित क्रमांकाची गरज नाही, आणि खोटा आकडा सापडला की विरोधक खऱ्या गोष्टीवरही हसतात. ज्यांनी आयुष्यभर पुरावा घेऊन वाद घातला, त्यांच्या अनुयायांनी तरी पुरावा तपासून बोलावे.

मग या माजी विद्यार्थ्याने आपल्या पदव्यांचे केले काय? २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ साली सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय. कोलंबियात स्वतःला जे मिळाले ते परत वाटण्यासाठी त्यांनी शाळा-कॉलेजे उभी केली. आणि वाटलेले वाया गेले नाही. नागसेनवनातील त्याच मिलिंदमधून बी.ए. झालेले प्रा. सुखदेव थोरात २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पदाचा उल्लेख सगळे करतात. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती दुसरी नोंद. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचा छळ होतो काय, हे तपासणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. २००७ च्या त्या अहवालाने भावी डॉक्टरांच्या वसतिगृहातसुद्धा दलित-आदिवासी मुले कशी वेगळी पाडली जातात, प्राध्यापक कसा दुजाभाव करतात, हे कागदोपत्री सिद्ध केले. मिलिंदचा माजी विद्यार्थी मोठ्या खुर्चीवर गेला आणि खालच्या पायरीवरच्या विद्यार्थ्याची कैफियत त्याने लिहून काढली. यशोगाथा म्हणतात ती याला.

पदवी आणि पद मिळाले की जात गळून पडते, असे क्रीमी लेयरवाल्यांचे गृहीतक आहे. त्याची उलटतपासणी घेऊ. पहिल्या साक्षीदार प्रा. कुमुद पावडे. नागपुरात त्यांनी संस्कृत घेऊन एम.ए. केले, तेही पहिल्या वर्गात. ज्या भाषेचा शब्द कानी पडला तर शूद्राच्या कानात शिसे ओतावे असे शास्त्र सांगत होते, त्या भाषेतली ही पदवी. पण नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाह झाला, सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे आले आणि मग नोकरी मिळाली. ती नोकरी आपल्याला नव्हे तर त्या आडनावाला मिळाली, असे दुःख त्यांनी 'अंतःस्फोट' मध्ये मांडून ठेवले आहे. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत फक्त "संस्कृतच्या प्राध्यापिका" एवढेच छापले तर अर्धे सत्य गेले.

दुसरा साक्षीदार म्हणून आम्ही खुद्द न्या. भूषण गवई यांचेच नाव घेऊ. रा. सू. गवई यांचे चिरंजीव, कायद्याचे पदवीधर, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश. १४ मे ते २३ नोव्हेंबर २०२५ हा त्यांचा कार्यकाळ. त्यांच्या क्रीमी लेयरच्या मताशी आमचा मतभेद आहे, त्यांच्याविषयीचा आदर कायम आहे. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर कोर्टात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला आणि सनातनच्या अपमानाच्या घोषणा दिल्या. निमित्त एका मूर्तीविषयीच्या शेऱ्याचे होते, असे सांगितले गेले. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाहून उंच पद कायद्याच्या पदवीधराला मिळत नाही. त्या आसनावर यापूर्वी अनेक जण बसले आणि त्यांच्या शेऱ्यांनी अनेकांच्या भावना दुखावल्या. बूट कोणावर उचलला गेला, हे देशाने पाहिले. दुसऱ्याच दिवशी हरियाणातील वाय. पूरन कुमार या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणात वरिष्ठांकडून झालेल्या जातीय छळाचे आरोप होते. ते आरोप कोर्टात सिद्ध व्हायचे ते होतील. पण आयपीएसच्या गणवेशातल्या माणसालाही असे टिपण लिहावे लागते, यावरून गणवेशाने जात झाकली जात नाही एवढे तरी सिद्ध होतेच.

संविधानाच्या कलम १६(४) ची भाषा काय आहे? नोकऱ्यांत पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागास वर्गासाठी तरतूद. ही गरिबी हटावची योजना नाही. ज्या दालनात निर्णय होतात त्या दालनात ज्यांना शतकानुशतके येऊ दिले नाही, त्यांचा माणूस तेथे बसावा, हा तिचा हेतू आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातील क्रीमी लेयरची चर्चा इतर मागासवर्गीयांपुरती होती, कारण अनुसूचित जातींची कसोटी अस्पृश्यतेची होती, उत्पन्नाची नव्हती. आणि व्यवहारातही पाहा. विद्यापीठांत प्राध्यापकांच्या राखीव जागांवर "योग्य उमेदवार मिळाला नाही" हा शेरा आजही मारला जातो. आज पहिल्या पिढीतून वर आलेल्यांच्या मुलांना बाहेर काढले, तर वरच्या जागांसाठी अर्ज करणारेच कमी होतील आणि तोच शेरा अधिक सुखाने मारता येईल. खेड्यातील मुलाला त्यामुळे जागा मिळेल असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी त्या मुलाची बंद पडणारी शाळा वाचवून दाखवावी.

परंतु एवढे म्हणून आम्ही आपली सुटका करून घेणार नाही. न्यायमूर्तींनी विचारलेला खेड्यातील मुलाचा प्रश्न खोटा नाही. उत्तर चुकीचे असले म्हणून प्रश्न पुसता येत नाही. शहरातल्या स्नेहमेळाव्यांना जाऊन पाहा. तेथे मातंग, मेहतर, होलार, ढोर समाजांतील किती माजी विद्यार्थी दिसतात? आपल्याच वस्तीतील वीटभट्टीवरच्या घरातला किती जण दिसतो? हे बोलले की चळवळीत फूट पडते असे काही जणांना वाटते. आमचे मत उलट आहे. हे आपण बोललो नाही तर दुसरे बोलतील, आणि ते आपल्या भल्यासाठी बोलणार नाहीत. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत व्यक्त केली ती आपण दर सहा डिसेंबरला ऐकतो आणि शेजारच्याकडे बोट दाखवतो. ते बोट स्वतःकडे वळवले पाहिजे. वळवणारेही झाले. पुण्यातल्या सरकारी नोकरदारांनीच कांशीराम, डी. के. खापर्डे आणि दीनाभाना यांच्यासोबत पगारातून पैसे काढून बामसेफ उभी केली. 'पे बॅक टू सोसायटी' हा शब्द तेव्हापासून वस्त्यावस्त्यांत गेला. आज तो भाषणात उरला आहे, पासबुकात किती उरला आहे ते ज्याने त्याने पाहावे.

आता गैरहजरांची हजेरी घेऊ. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम यांतून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाचे मिळून १३,६२६ विद्यार्थी शिक्षण सोडून बाहेर पडले. त्यात अनुसूचित जातींचे ३,६८० आणि जमातींचे ३,१२१. विद्यार्थी एका अभ्यासक्रमातून दुसऱ्यात जातात, असे सरकारचे म्हणणे. काही तसे गेलेही असतील. पण देशातील सर्वात कठीण प्रवेशपरीक्षा पास होऊन आत गेलेली इतकी मुले बाहेर पडतात, तेव्हा दोष फक्त मुलांत असू शकत नाही. यातील एकाचेही नाव त्या संस्थांच्या यशोगाथांत येणार नाही.

आणि काही तर कायमचे गेले. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी, पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी आदिवासी मुलगी. १२ फेब्रुवारी २०२३ ला आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी, पहिल्याच वर्षाचा विद्यार्थी. यांच्या बॅचचेही कधीतरी स्नेहमेळावे होतील. रोहित आणि पायल यांच्या आयांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली की, कॅम्पसमधील जातिभेद थांबविण्याचे नियम कागदावरच राहतात, ते अमलात आणा. लेकरांची पदवी पाहण्याचे भाग्य ज्यांना लाभले नाही त्या दोन माता देशातल्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी कोर्टाची पायरी चढल्या. ज्यांना पदव्या मिळाल्या ते कोठे होते?

दार अरुंद करण्याचे काम दुसऱ्या बाजूनेही चालते. अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. २०२२ साली तिच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. कारण दिले गेले की, या विषयांचा अभ्यास देशातच होऊ शकतो. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली अशी अट घातली असती, तर १९१६ चा तो जातींवरील निबंध न्यूयॉर्कमध्ये वाचला गेला असता काय? परदेशात शिकून आलेल्या आपल्या किती माजी विद्यार्थ्यांनी या नियमाविरुद्ध निवेदन दिले, हा प्रश्न आम्ही विचारून ठेवतो.

आता करायचे काय? आमच्या समजुतीप्रमाणे कामे साधी आहेत. नॅकने मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा निकष घातल्यापासून महाविद्यालयांना माजी विद्यार्थी संघटना हवीशी झाली आहे. प्राचार्य आपणहून फोन करतात, याद्या मागतात. याद्या जरूर द्याव्यात, पण रिकाम्या हाताने परतू नये. संघटना रीतसर नोंदवावी. कॉलेजची समान संधी समिती बसते की कागदावर आहे, ते विचारावे. पहिल्या वर्षाला किती मागासवर्गीय मुले आली आणि शेवटच्या वर्षाला किती उरली, हा आकडा दरवर्षी मागावा. दिला नाही तर माहितीचा अधिकार आहे. शिष्यवृत्ती सरकारकडून आली नाही म्हणून मुलांची टी.सी. आणि गुणपत्रिका अडवून ठेवतात, अशी प्रकरणे घेऊन आमच्याकडे पालक येतात. त्यांतील निम्म्या प्रकरणांत कोर्टात जावे लागत नाही. त्याच कॉलेजचा एखादा अधिकारी झालेला माजी विद्यार्थी सोबत गेला तरी कागद सुटतो. जात पडताळणीच्या फेऱ्यांतून जो गेला आहे, त्याने गल्लीतल्या दोन मुलांच्या फायली लावून द्याव्यात. मेळाव्याच्या वर्गणीतला अर्धा हिस्सा अशा मुलाच्या नावे ठेवावा, ज्याची शिष्यवृत्ती अडकली आहे. चार महिन्यांची खानावळ भरली तर एक मूल दिवाळीनंतर परत येते. आमचा मित्र आला नाही, कारण तेव्हा त्याची खानावळ भरायला कोणी नव्हते.

आणि स्मरणिका काढा, जरूर काढा. फक्त पानावर तीन ओळी वाढवा. मला कोणी शिकवले, कोणी पैसे दिले. मी कोणाला शिकवले, कोणाला दिले. आणि माझ्याबरोबरचा कोण मागे राहिला. अशी पाने भरली तर कोणत्याही कोर्टात ती बिनदिक्कत दाखल करता येतील, कारण त्यांवरून दिसेल की एक माणूस वर आला तो दहा जणांच्या खांद्यावरून, आणि त्याच्यामागे अजून शंभर जण रांगेत उभे आहेत. प्रतिनिधित्वाचा अर्थ याहून सोप्या भाषेत आम्हाला सांगता येत नाही.

सुरुवात आमच्यापासून करतो. पुढच्या मेळाव्यात आमचे पान असे छापावे, अशी आयोजकांना आमची विनंती आहे: वडील मजूर, आई दुसऱ्यांच्या शेतात. शिक्षण भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहाच्या जेवणावर. बी.कॉम.चे अकाउंट्स शेजारच्या खाटेवरील मित्राने शिकविले, जो स्वतः परीक्षेला बसू शकला नाही. त्याची मुलगी यंदा बारावीला आहे, तिच्या पुढच्या शिक्षणाची फी ही आमच्यावरची जुनी बाकी आहे. आणि त्या मित्राचे स्वतंत्र पान असावे, फोटोसह. तो माजी विद्यार्थीच आहे.

जयभीम!